एका चेहऱ्याची दोघं

टाळू फाटलेल्या मुलांचं शिबिर धुळ्याच्या एका हॉस्पिटलात भरायचं. माझ्या टाळूचं ऑपरेशन मी अगदी लहान असताना झालं होतं, पण आवाज नाकातूनच यायचा, त्यामुळे आई मला तिथं तपासणीला नेत असे. आमचं गाव रावेरकडचं, केळीचं. सकाळी अंधारात निघालं की उन्हं चढल्यावर धुळं यायचं. मी तेव्हा अकरावीत होते.

बाकावर माझ्या शेजारी एक मुलगा बसला होता. कुणीतरी सगळ्यांना चहा दिला. त्यानं घोट घेतला आणि चहा त्याच्या नाकातून बाहेर आला. शर्टाच्या बाहीनं त्यानं पटकन पुसलं आणि कुणी बघितलं का, म्हणून इकडेतिकडे पाहिलं. मी बघितलं होतं. मला हसू आलं, आणि हसता हसता माझाही चहा नाकात गेला.

"तुना बी नाकमाईन येस का?" त्यानं विचारलं.

मी मान हलवली. शाळेत ह्या एका गोष्टीसाठी मी कधी कुणासमोर पाणीसुद्धा प्यायले नव्हते. त्याच्यासमोर मी उरलेला चहा संपवला.

तेवढ्यात नावं घेणारी नर्स आली आणि माझ्या आईला म्हणाली, "भाऊ-बहीण दोघांना एकदमच आत पाठवा." आईनं मान वर केली. मुलाची आई भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती. हातात चांदीच्या जाड पाटल्या, शेजारी कापडाची पिशवी. ती शिरपूरच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या पावरा आदिवासींच्या वस्तीतून आली होती. दोघी बायका एकमेकींकडे आणि मग आम्हा दोघांकडे बघत राहिल्या.

तो काळा होता आणि मी गोरी, एवढाच फरक. लांबट चेहरा, पुढे गोल झालेलं नाक, झोपेतून उठल्यासारख्या जड पापण्या, दुमडलेले छोटे कान, लहानसं तोंड, लांब बोटं. परत येताना एसटीत आई म्हणाली, "तुमच्या दोघायकडं पाह्यलं अन् मले भेव वाटलं."

डॉक्टरबाईंनी आम्हाला खरंच एकत्र आत घेतलं. छातीला नळी लावली. माझ्या हृदयाला जन्मतः भोक होतं, ते आपोआप बुजलं. त्याच्या छातीवर मधोमध उभा व्रण होता. आश्रमशाळेत तपासणीला आलेल्या डॉक्टरांना आजार सापडला आणि मुंबईला नेऊन त्याचं ऑपरेशन केलं होतं. हातापायांना मुंग्या येतात का, बोटं वाकडी होतात का, गणित जमतं का, असं बाईंनी विचारलं. प्रत्येक प्रश्नाला आम्ही दोघंही सारखंच उत्तर देत होतो. मग दोघांचं रक्त घेतलं.

निकाल यायला बरेच दिवस लागले. दोन्ही घरची माणसं एकाच दिवशी बोलावली होती. आमच्याकडून आई आणि आबा, म्हणजे माझे वडील. त्याच्याकडून त्याचे आई-बाप. बाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं. शरीराच्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या जोड्या असतात, त्यातल्या बाविसाव्या जोडीतल्या एका गुणसूत्राचा एक बारीक तुकडा आमच्या दोघांत नाही. टाळू, हृदय, कॅल्शियम कमी पडणं, सगळं त्यातून आलेलं.

"मग तो तुकडा कुठं गेला?" त्यानं विचारलं.

"कुठं गेला नाही. तो पहिल्यापासून नव्हताच," बाई म्हणाल्या.

माझ्या आईनं विचारलं, पोटात असताना ग्रहणात तिनं भाजी चिरली होती, त्यानं असं झालं का. त्याच्या आईला मराठी येत नव्हतं. तो तिला पावरीत सगळं सांगत होता. ती त्याच्या कानाशी काहीतरी बोलली आणि तो म्हणाला, "आई बी तेच विचारस. गरहननं." बाई म्हणाल्या, नाही, कुणाचंच काही चुकलेलं नाही. मग आमच्याकडे बघून म्हणाल्या, "आता तुम्ही दोघं जरा बाहेर बसा."

आम्ही बाहेर बसलो. आत जे बोलणं झालं ते मला पुढं तीनेक वर्षांनी कळलं. ज्यांच्यात हा तुकडा नसतो त्यांच्यातल्या पुष्कळ मुलांना वयात येताना मनाचे आजार होतात, हे बाई सांगत होत्या. खूप भीती, उदासी, काहींना कानात आवाज, भलतेसलते संशय. झोप उडाली, मूल एकटं एकटं राहायला लागलं, तर वाट बघू नका, लगेच दाखवा. आईला आणि आबांना हे सगळं नीट समजलं आणि त्यांनी ते मला सांगितलं नाही. त्याच्या बापाला अर्धंमुर्धं समजलं असेल. त्याच्या आईला काहीच समजलं नाही, कारण जो तिला सांगणार होता त्यालाच बाहेर बसवलं होतं.

बाहेर त्यानं माझा फोन नंबर घेतला.

माझं बोलणं लोकांना फोनवर मुळीच समजत नाही. दुकानदार फोन ठेवून देतात. मावशी "आईकडे दे" म्हणते. तो मला एकदाही "काय?" म्हणाला नाही, आणि त्याचं बोलणं मला समजत होतं, अहिराणी मी घरात बोलत नसले तरी. त्याच्या पाड्यावर रेंज नव्हती. बकऱ्या घेऊन तो वरच्या बरडावर, उघड्या माळावर गेला की दुपारी फोन यायचा. मोहाची फुलं कशी वेचायची, चारोळी कशी फोडायची, कुठल्या बकरीनं काय केलं, असलं काहीही. मी त्याला केळीच्या बागेतलं सांगायचे. पुष्कळांना वाटलं की आमचं काहीतरी आहे. तसं काही नव्हतं. मला जगात एक माणूस मिळाला होता ज्याच्यापुढं वाक्य दुसऱ्यांदा बोलावं लागत नव्हतं.

बारावीनंतर मला शिरपूरला फार्मसीच्या डिप्लोमाला प्रवेश मिळाला. हॉस्टेल होतं. त्याचं शिक्षण तोवर सुटलं होतं. घरची कोरडवाहू जमीन, पावसावर कापूस आणि ज्वारी, एरवी मजुरी. शिरपूरच्या बाजाराला तो यायचा तेव्हा स्टँडवर आम्ही भेटायचो. कुणी विचारलं तर मी सांगायचे, भाऊ आहे. चेहरे बघून कुणाला शंका यायची नाही. रंग बघून यायची, पण तोंडावर कुणी काही बोलत नसे.

मी लहानपणापासून भित्री. कुत्र्याला भिणं वेगळं. मला पाहुण्यांची भीती वाटायची, वर्गात हजेरीला "हजर" म्हणायची भीती वाटायची, लग्नाच्या पंगतीची वाटायची. घरात सगळे म्हणायचे, लाजाळू आहे. हॉस्टेलमध्ये ती भीती दिवसभर सोबत राहायला लागली. पहिलं वर्ष कसंबसं गेलं. दुसऱ्या वर्षी झोप कमी झाली. मेसमध्ये मुली हसल्या की माझ्यावरच हसल्या असं वाटायचं. आधी वाटायचं. नंतर खात्री झाली. नंतर खोलीत एकटी असताना भिंतीपलीकडून त्यांचं बोलणं स्पष्ट ऐकू यायला लागलं. माझं नाव, माझ्या आवाजाची नक्कल, मी अंघोळ कशी करते.

हॉस्टेलच्या गल्लीत भंगारवाल्याची हातगाडी यायची. त्यावर कर्ण्यातून टेप वाजायची, जुना पुठ्ठा, रद्दी, बंद पडलेले पंखे द्या, अशी. एक दिवस त्या टेपमध्ये माझा हजेरी क्रमांक ऐकू आला. नंतर माझ्या गावाचं नाव. मला आश्चर्यसुद्धा वाटलं नाही. मला वाटलं, अच्छा, म्हणजे हाही त्यांच्यातलाच. मेसच्या डाळीत काहीतरी घालतात म्हणून मी फक्त घरून आणलेले शेंगदाणे खायला लागले.

हे मी फक्त त्याला सांगितलं. "मुली भिंतीतून माझ्याबद्दल बोलतात," मी फोनवर म्हणाले.

फोनमधून त्याच्या बकऱ्यांच्या गळ्यातल्या घंट्या ऐकू येत होत्या. मग तो म्हणाला, "मनाबद्दल बी बोलतस."

"कोण?"

"माहीत नही. सागना झाडेसमा बठेल ऱ्हातस."

सागाच्या झाडांत कुणीतरी बसलेलं असतं आणि त्याच्याबद्दल बोलतं, असं तो सांगत होता. मी विचारलं, काय बोलतात. तो म्हणाला, तुझी आई तुझी नाही म्हणतात, जेवू नको म्हणतात. मी म्हणाले, मलाही जेवणातच घालतात. आम्ही किती तरी वेळ बोलत होतो. त्या दिवशी मला फार बरं वाटलं. त्यालाही वाटलं असणार. दोघांनाही वाटलं की आता साक्षीदार मिळाला. माझं त्याला खरं वाटलं आणि त्याचं मला. त्यानंतर आम्ही रोज एकमेकांना विचारायचो, आज काय बोलले. आमच्या त्या बोलण्याच्या आठवणीनं मला आजही गार पडल्यासारखं होतं.

परीक्षेच्या आधी मी हॉस्टेलमधून चालत निघाले. कुठं जायचं ते ठरवलं नव्हतं, फक्त भंगारवाल्याच्या टेपपासून लांब जायचं होतं. आग्रा रोडच्या कडेनं, ट्रकांच्या वाऱ्यात, उन्हात चालत राहिले. पायात चप्पल नव्हती. एका पेट्रोल पंपावरच्या माणसांनी मला सावलीत बसवलं. पाणी दिलं ते मी घेतलं नाही. कॉलेजचं ओळखपत्र गळ्यात होतं, त्यावरून त्यांनी फोन लावला. संध्याकाळी आबा जीप घेऊन आले. जीपमागच्या ट्रॉलीत केळीची रोपं तशीच होती, उतरवायलाही ते थांबले नव्हते. त्यांनी आधी माझे तळपाय बघितले, खांद्यावरचा रुमाल काढून पाण्यात भिजवला आणि पाय पुसले. मी त्यांना विचारलं, "तुम्ही खरे आबा आहात का?"

"हो," ते म्हणाले. "चाल."

लोकांना वाटतं, आदिवासी लोक तेवढे देवऋषीकडे जातात. आमच्या घरी ट्रॅक्टर आहे, ठिबक आहे, मोठा काका इंजिनिअर आहे. तरी मला पहिल्यांदा नेलं ते एका महाराजांकडे. लिंबं कापली, धुपाचा धूर नाकाशी धरला. धूर माझ्या टाळूतून सरळ आत गेला आणि मी गुदमरले. काकू म्हणाली, "पाहा, बाहेर निघून राह्यलं." आठवडा असा गेला. मग एका सकाळी मी आईच्या हातची भाकरी तिच्या तोंडावर फेकली, विष आहे म्हणून. आईनं ती भाकरी उचलली, तिथंच बसून सगळी खाल्ली, आणि आबांना म्हणाली, "जळगावले चाला. त्या बाईनं सांगितलं होतं."

जळगावच्या मानसोपचार डॉक्टरांपुढं आईनं सगळं काढलं. टाळू, हृदय, धुळ्याच्या बाईंनी सांगितलेलं सगळं. त्यांनी रक्तातलं कॅल्शियम तपासलं, ते बरंच कमी निघालं. मला दाखल करून घेतलं. गोळ्या सुरू झाल्या. पहिले काही दिवस मला नीट आठवत नाहीत, तोंडातून लाळ गळायची आणि जीभ जड झाल्यानं उरलंसुरलं बोलणंही कुणाला समजत नव्हतं, एवढं आठवतं. आवाज एकदम थांबले नाहीत. दूर गेले. शेजारच्या घरातल्या टीव्हीसारखे झाले, मग दोन गल्ल्या पलीकडल्या टीव्हीसारखे. एक दिवस वॉर्डाखालून भंगारवाला गेला आणि त्याच्या टेपमध्ये फक्त पुठ्ठा आणि पंखे होते. मी खूप रडले. नर्सला वाटलं, त्रास वाढला.

डोकं जसं साफ व्हायला लागलं तशी मला त्याची काळजी वाटायला लागली. माझे आवाज आजार होते तर त्याचेही आजारच असणार. त्याला हे सांगणारं कुणी नव्हतं. घरी आल्यावर मी फोन लावला. कितीतरी दिवस लागेना. मग एकदा त्याच्या बहिणीनं उचलला. ती लहान होती, माझं बोलणं तिला समजायला वेळ लागला.

"तो आते बोलस नही," ती म्हणाली. "त्याले बांधी ठेवेल शे."

मी आईला सांगितलं. आई ताट घासत होती, थांबली नाही. "आपल्या घरचं निस्तरता निस्तरता जीव चालला. अजून कायले दुसऱ्याचं ओढतेस?" आबा ओसरीत बसले होते. मी त्यांच्यापुढं जाऊन एवढंच म्हणाले, "पेट्रोल पंपावर तुम्ही आला नसतात तर?"  दुसऱ्या दिवशी त्यांनी केळीची गाडी भरून दिली आणि आईला म्हणाले, "डबा बांध. शिरपूरले जायचं आहे."

शिरपूरच्या पुढं डांबर संपलं. नाल्यातून जीप काढत, विचारत विचारत आम्ही पाड्यावर पोचलो. घर उतरणीवर होतं, कुडाचं, अंगण स्वच्छ सारवलेलं. मधल्या खांबाला दोर बांधला होता आणि त्याचं दुसरं टोक त्याच्या पायात होतं. दोराखाली घोट्याभोवती जुन्या लुगड्याच्या चिंध्या गुंडाळल्या होत्या, मऊ, जाड, कातडी सोलू नये म्हणून. त्याची आई त्याच्या शेजारीच बसली होती. तिनं मला पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला.

त्याचा बाप आबांना म्हणाला, "भाऊ, सोडं का रानमा पळी जास. एकदाव दरीनी कडले सापडना." दरीच्या कडेला सापडल्यावर बांधण्यावाचून काय करणार, असं तो विचारत होता. त्यानं बडव्याला, त्यांच्याकडच्या देवऋषीला बोलावलं होतं, कोंबडा दिला होता, थोडे दिवस बरं वाटलं होतं. सरकारी दवाखान्यात नेलं तर तिथून धुळ्याला न्यायला सांगितलं. बांधलेल्या पोराला एसटीत कसं घालणार? आबा जमिनीवर त्याच्याशेजारी बसले. मग म्हणाले, "माह्या पोरीलेही हेच झालं होतं. मीही आधी लिंबंच कापली."

मी त्याच्यापुढं बसले. तो खूप वाळला होता. माझ्या मागे कुठंतरी बघत होता.

"ते खरे नसतात," मी म्हणाले. "मी तुला सांगितलं होतं ते मला खरं वाटत होतं. ते आजारामुळे होतं. गोळ्यांनी माझे गेले."

त्यानं माझ्याकडे बघितलं. "तू बी त्यासनामा मिळी गई," तो म्हणाला. मीही त्यांना सामील झाले, असं. एवढंच तो बोलला.

त्याला आमच्या जीपमध्ये घालून धुळ्याला नेलं. दोन्ही बाजूंनी दोन बाप, पुढं आमच्या ड्रायव्हरशेजारी मी आणि त्याची आई. वाटेत त्याला झटका आला. हात आखडले, डोळे फिरले. त्याच्या आईनं मागे वळून त्याचं डोकं धरलं आणि पोचेपर्यंत सोडलं नाही. तिथं त्याला दाखल केलं. त्याचंही कॅल्शियम फार खाली गेलं होतं.

तो सुधारला. हे सांगायलाच हवं. काही महिने तो बरा होता. आम्ही पुन्हा फोनवर बोलायला लागलो. गोळ्यांनी तो सुस्त झाला होता, हात कापायचे, बकऱ्यांमागं पळवत नव्हतं. "आते आवाज धाकला व्हई ग्या," तो म्हणाला. मी म्हणाले, माझाही एकदम गेला नव्हता, हळूहळू जातो. त्यानं विचारलं, "मंग आपलं बठ्ठं बोलणं खोटं होतं का?"  मी म्हणाले, बकऱ्यांचं खरं होतं. तो हसला.

दिवाळीनंतर त्याच्या घरची माणसं दरवर्षी गुजरातेत ऊसतोडीला जातात. सगळं घर जातं, म्हातारं-कोतारं सोडून. त्याला मागे कुणाच्या भरवशावर ठेवणार? सोबत नेला. पिशवीत गोळ्या होत्या. मी त्याच्या बहिणीला फोनवर सांगितलं, कुठली सकाळी, कुठली जेवल्यावर, कॅल्शियमची कधीच चुकवायची नाही. तीही बिचारी कोयता घेऊन फडात जायची. गोळ्या संपल्या तेव्हा ते ज्या फडावर होते तिथून गाव लांब होतं आणि त्या गावात त्या गोळ्या नव्हत्या. आबांनी इथून पाठवायच्या म्हटलं, पण टोळी त्या वेळी एका फडावरून दुसऱ्या फडावर हलत होती, पत्ता असा काही नव्हताच.

दुपारची वेळ होती. तो मोळ्या बांधत होता. झटका आला, पडला, एकामागून एक येत राहिले. ट्रॅक्टर येईपर्यंत संपलं. त्याच्या बहिणीनं मला फोन केला तोवर तिथंच सगळं उरकून झालं होतं. तिनं रडत रडत सांगितलं नाही. ती म्हणाली, "ताई, भाऊ वारी ग्या." भाऊ गेला, एवढंच. मी विचारलं, आई कुठं आहे. ती म्हणाली, फडमा शे.

पावसाळ्याआधी ते परत आले तेव्हा आबा आणि मी भेटायला गेलो. त्याच्या आईनं मला जवळ बसवलं. माझ्या कपाळावरून, कानांवरून, नाकावरून बोटं फिरवत राहिली. खूप वेळ. मी हललेसुद्धा नाही. तिनं भाकरी केली, लसणाची चटणी केली, मी जेवत असताना समोरच बसून बघत राहिली. निघताना ती मुलीला काहीतरी बोलली. मुलगी सांगायला तयार होईना. मग खाली बघत मराठीत म्हणाली, "आई म्हणते, तू आता येऊ नको. तू आली की तो आल्यासारखा वाटतो. गेली की पुन्हा मरतो."

मी परत गेले नाही. बहिणीचा अधूनमधून फोन येतो. तिचं लग्न झालं.

मी मध्ये वर्ष सोडून डिप्लोमा पुरा केला. आता फैजपुरात एका मेडिकलच्या दुकानात आहे. गिऱ्हाइकांशी मालक बोलतात, मी मागे माल लावते. गोळ्यांनी वजन वाढलंय, सकाळी उठायला जड जातं. अधूनमधून रक्त तपासायला जळगावला जाते. आवाज वर्षातून एखादवेळी येतो, झोप कमी झाली की. लग्नाचं घरात आता कुणी काढत नाही. मला त्याचं फार वाईट वाटत नाही, आईला वाटतं.

यंदा उन्हाळ्यात आई आणि मी गच्चीवर बिबडे घालत होतो. ज्वारीचं शिजवलेलं पीठ, ओल्या फडक्यावर थापायचं आणि ऊन चढायच्या आत संपवायचं, त्यामुळे बोलायला वेळ नसतो. तरी मी विचारलं. इतकी वर्षं विचारायचं राहिलं होतं.

"धुळ्याच्या बाईंनी सांगितलं होतं ते मला का नाही सांगितलं? मला माहीत असतं तर भिंतीतला पहिला आवाज आला तेव्हाच कळलं असतं. त्यालाही सांगितलं असतं."

आई थापत राहिली. एक बिबडा झाला, दुसरा झाला.

"तुले सांगितलं असतं तर तू रोज वाट पाह्यत बसली असती," ती म्हणाली. "आज येते का, उद्या येते. हसायचं सोडून दिलं असतं तुनं."

"आणि तुम्ही?"

"मी पाह्यत होतीच ना." तिनं हात पाण्यात बुडवला. "त्या दिवसापासून रोज पाह्यली वाट. तू चहा उशिरा पिली तरी मले वाटे, आली का वेळ. हॉस्टेलले धाडलं तेव्हा वाटलं, आता तरी डोयासमोर नाही. जराशी झोप लागेल."

आपण काही चुकीचं केलं असं ती म्हणत नव्हती आणि बरोबर केलं असंही नाही. मला राग यायला हवा होता. मी तिच्या हातांकडे बघत होते. उन्हानं आणि पिठानं ते भेगाळले होते.

"त्याच्या आईलाही कुणी सांगितलं असतं तर," मी म्हणाले.

"तर तीही पाह्यत बसली असती," आई म्हणाली. "पण मंग तिनं त्याले उसाले नेलं नसतं."

उन्हं वर आली होती. खालून आबांनी हाक मारली, केळीची गाडी आलीय म्हणून. आईनं पिठाचं पातेलं माझ्याकडे सरकवलं आणि ती उठली. उरलेले मी एकटीनं घातले.